मंगळूच्या खटल्याची फाईल

मित्रांनो, नाशिकच्या न्यायालयात जुन्या खटल्यांची कागदपत्रं ठेवायची एक खोली आहे. तिथल्या लोखंडी मांडणीवर मी बारा वर्षं पडून होते. मी एक जुनी फाईल. पुठ्ठ्याचं अंग, वर नाडी आणि पोटात बेचाळीस पानं.

माझा जन्म एका दगडामुळे झाला. पेठ तालुक्यातला मंगळू तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आई पुतळाबाईबरोबर तो द्राक्षबागेत कामाला आला होता. एका दुकानदाराने पुतळाबाईला चारचौघांत चोर म्हटलं आणि तिची पिशवी रस्त्यावर उलटी केली. पिशवीत चोरीचं काहीच निघालं नाही. पण मंगळूचं डोकं फिरलं. त्याने दगड उचलून दुकानाची काच फोडली.

'सरळ नाही म्हण, सुटशील,' असं त्याला कुणीतरी पढवलं होतं. मंगळू मात्र न्यायाधीशबाईंसमोर म्हणाला, "काच मीच फोडली. आईला बोलला म्हून राग आला. पण चुकलंच माझं."

बाईंनी निकाल लिहिला. पहिलाच गुन्हा, मनापासून कबुली, काचही भरून दिलेली; म्हणून शिक्षा न देता, वर्षभर चांगलं वागण्याच्या हमीवर सुटका. ते पान पोटात आलं तेव्हा मला केवढा अभिमान वाटला! मग माझी नाडी बांधली आणि सगळे मला विसरले. धूळ तेवढी न चुकता येत राहिली.

मंगळू थांबला नाही. त्याने वर्ष नीट काढलं, आयटीआय केलं, वायरमन झाला. यंदा वीज कंपनीत कायमच्या नोकरीसाठी त्याची निवड झाली. अर्जात विचारलं होतं, कधी गुन्हा दाखल झाला होता का? त्याने 'होय' लिहिलं. पण पोलिसांच्या नोंदीत चुकून 'शिक्षा झाली' असं चढलं होतं. कंपनीच्या कार्यालयाचं पत्र आलं: दहा दिवसांत खुलासा करा, नाहीतर निवड रद्द. घरी ठेवलेल्या निकालाच्या प्रतीचा तर वाळवीने कधीच भुगा केला होता.

वकील रोहिणीताई त्याला घेऊन आमच्या खिडकीशी आल्या. आमची राखण करणारे दत्तूभाऊ चष्मा पुसत म्हणाले, "ताई, किरकोळ खटल्यांच्या जुन्या फायली नष्ट करायचा हुकूम आलाय. गोण्या भरून झाल्यात. उद्या गाडी येणार."

"मग आज गोण्या उघडू," रोहिणीताई म्हणाल्या.

मंगळूने हळूच विचारलं, "ताई, 'नाही' लिवलं असतं तर बरं झालं असतं का?"

"अजिबात नाही. तू खरं लिहिलंस म्हणून मला ताठ मानेनं भांडता येतंय. अशा हमीवर सुटलेल्याच्या नोकरीआड तो डाग येऊ नये, असं कायदाच सांगतो. फक्त कागद हवा."

मी नवव्या गोणीत तळाला दबले होते. दत्तूभाऊंनी आणि मंगळूने एकेक गोणी रिकामी केली. दोघे धुळीने पांढरे झाले. शेवटी उजेड दिसला आणि दत्तूभाऊ ओरडले, "सापडली!" मंगळूने निकाल वाचला, पुन्हा वाचला आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी शिक्क्याची प्रत कार्यालयात पोचली. रोहिणीताईंच्या अर्जावरून न्यायालयाने पोलिसांना नोंद दुरुस्त करायला सांगितलं. ते दुरुस्तीचं पत्र आता माझं त्रेचाळिसावं पान आहे.

परवा मंगळू नव्या गणवेशात आला, सोबत पुतळाबाई. तिला मला बघायचं होतं. माझ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "माझ्या पोराचं समदं वाईट हिच्यात लिवलंय ना?"

"चांगलंही लिहिलंय, आजी," दत्तूभाऊ म्हणाले. "मी वाचून दाखवतो." त्यांनी स्टूल पुढे केलं. पुतळाबाई बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "सावकाश वाचा."

मित्रांनो, तुमचे कागद जिवापाड जपा. आणि एखाद्याची चूक कानावर आली, तर पुढे त्याने काय केलं तेही विचारा. माझ्यासारख्या फायली गप्प पडून असतात. विचारल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही.