शंभर मिली

इनायतुल्ला साहेबांचा चहा त्या दिवशी कपातच गार झाला. फोन धम्मदीपचा होता. हा मूर्तिजापूरला रोपवाटिका चालवायचा आणि साहेबांच्या 'वाफा' मासिकात फुलं-भाज्यांच्या रोगराईवर लिहायचा. माणूस अगदी गरीब गाय, पण आज त्यानं नमस्कारसुद्धा केला नाही.

"सर, पान अकरा काढा. ड्रमचा पंप तुमी केला का?"

"हो, म्याच केला. झेंडूवाल्याइकडे ड्रम कोणाजवळ असते बापा? पाठीवरच्या पंपानंच मारतेत सारे. वाचकाले गणित घालू नाई, हे किती खेपा सांगू तुले?"

"मंग गणित तुमी कराले पायजे होतं सर! दोनशे लिटरच्या ड्रमले शंभर मिली लिहिलं होतं म्या. तुमी ड्रमचा पंप केला आन् शंभर तसेच ठेवले. पंप पंधरा लिटरचा. त्यात साडेसात मिली जाते, शंभर नाई. तेरापट झालं, तेरापट! झेंडू भाजून निघन."

साहेबांनी कप बाजूला सारला. अंक उघडला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. छापलेलं काय पुसण्यानं बदलतं? एका पंपाला शंभर मिली, ठळक अक्षरात, भोवती चौकट. ती चौकटही त्यांचीच हौस.

आता या माणसाची सवय सांगायलाच हवी. अकोल्याच्या एका दैनिकात तीस वर्षं काढली त्यांनी. मुद्रितशोधक म्हणून लागले आणि संपादक होऊन निघाले. त्यांच्या टेबलावरून कोणाचाही मजकूर धड अंगानं सुटला नाही. मंत्र्याचं भाषण असो की प्राध्यापकाचा लेख, लाल पेन फिरल्याशिवाय पुढे जायचंच नाही. 'क्विंटलमागे' दिसलं की त्याचं 'पोत्यामागे' करायचे, 'हेक्टर' दिसला की 'एकर'. लेखक चिडायचे, वाचक खूश असायचे, आणि साहेबांना वाचकांचीच पर्वा होती. निवृत्तीनंतर गप्प बसवेना म्हणून स्वतःचं मासिक काढलं. अकराशे वर्गणीदार, बहुतेक माळवं आणि फुलं पिकवणारे. पान अकरावर आधी ड्रम खोडून पंप लिहिला होता, भागाकार करायलाच बसले होते, तेवढ्यात मुखपृष्ठाचा फोटो आला. फोटो त्यांना पसंत पडला नाही, त्यावरून वाद झाला, आणि भागाकार राहून गेला. बस, एवढंच घडलं होतं.

"काय जी, चेहरा काहून उतरला?" त्यांच्या पत्नी आयशाबींनी विचारलं. सांगितल्यावर त्यांनी हातातली भाजी बाजूला सारली आणि वर्गणीदारांची वही घेऊन बसल्या. अर्ध्यांना त्यांनी फोन लावायचे, अर्ध्यांना धम्मदीपनं. अंक टपालात पडून दोनच दिवस झाले होते, निम्म्या गावांना तो पोचलाही नव्हता. ज्यांना पोचला त्यांतल्या बऱ्याच जणांनी वाचला नव्हता, आणि संपादकाला आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आनंद झाला.

पण माणिकबाईंचा फोन लागेना. माणिकबाई वलगावच्या, एकट्या हातानं दोन एकर झेंडू उभा करणाऱ्या. दसऱ्याला अमरावतीत जो झेंडू खपतो त्यातच त्यांचं वर्षाचं सारं असतं. पाचच दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला होता, "भाऊ, झेंडूवर लाल कोळ्याची कीड पडली. काय मारू?" साहेबांनीच ऐटीत सांगितलं होतं, "थांबा, अंक येऊन राहिला. पान अकरा पाहा. दुकानदाराचं ऐकू नका, तो आपला माल खपवते." अंक त्यांना काल मिळाला, ते वलगावच्या टपालवाल्यानं फोनवर सांगितलं.

साहेब अमरावतीच्या बसमध्ये बसले. तोवर त्यांनी सतरा वेळा फोन लावला होता. बंद, बंद, बंद. मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली, तेव्हा त्यांना वाटलं उतरून पळत सुटावं. शेजारचा प्रवासी केळं पुढे करत होता, साहेबांना त्याचाही राग आला. डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं: माणिकबाईंच्या पाठीवर पंप, नाकाला पदर, आणि बाजूला बांधावर उघडा ठेवलेला 'वाफा'. झेंडू तर जाईलच, पण तेरापट औषध त्या बाईच्या नाकातोंडात गेलं तर? या विचाराशी आले की ते पुन्हा फोन लावायचे.

बडनेरा यायच्या आधी प्रेसच्या भगवंतचा फोन आला. भगवंत म्हणजे जुना माणूस, दैनिकातही यांच्याच हाताखाली छपाई पाहिलेला.

"सर, धम्मदीपभाऊ बोलले. तुमी कायले जीव काढून राहिले? पुढच्या अंकात टाकून द्या, मुद्रणदोषाबद्दल दिलगीर. माझ्या नावावर टाका. आजवर किती टाकले, माझं काय गेलं?"

खरंच किती टाकले होते! दुसऱ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यातले निम्मे दोष भगवंतच्या मशिनीचे नव्हतेच, लाल पेनाचे होते. साहेबांनी ते कधी मान्य केलं नाही आणि भगवंतनं कधी बोलून दाखवलं नाही. आता हा आयता तोडगा समोर आला आणि साहेबांना, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. बडनेऱ्यापासून अमरावतीपर्यंत ते मनात वाक्य घोळवत राहिले. प्रेसची चूक झाली, माणिकबाई. प्रेसवाल्यांनी घोळ केला. तिसऱ्या वेळेला ते वाक्य त्यांना स्वतःलाच पटायला लागलं.

अमरावतीहून ऑटो केला. वलगावच्या त्या मळ्याशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. माणिकबाई विहिरीजवळ उकिडव्या बसलेल्या, पुढ्यात बादली, हातात औषधाची बाटली, झाकण अर्धं फिरवलेलं.

"थांबाऽऽ!" साहेब ओरडले. असे ते दैनिकातही कधी ओरडले नव्हते.

माणिकबाई दचकल्या. "माय वं! भाऊ, तुमी? अकोल्याहून? काय झालं?"

"किती मारलं? किती पंप झाले?"

"दोन झाले ना सकाळी. तिसऱ्याले औषधच पुरलं नाई, अडीचशेची बाटली ते केवढी! मंग दुकानात गेली, चार बाटल्या घेऊन आताच येऊन राहिली. डोळे चुरचुरून राहिले जरा." त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. साहेबांनी आधी त्यांना विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली बसवलं, डोळे, हात, तोंड धुवायला लावलं, लुगडं बदलून यायला सांगितलं. मळमळतं का, चक्कर येते का, तीनतीनदा विचारलं. नाही म्हणाल्या. तेव्हा कुठे ते बांधावर टेकले.

मग झेंडूच्या ओळींकडे पाहिलं. सकाळी मारलेल्या आठ ओळींतली पानं कडेनं पिवळी पडून मुरडायला लागली होती. कळ्या माना टाकून होत्या. बाकीचा झेंडू वाऱ्यावर मजेत डुलत होता.

साहेबांनी अंकात काय चुकलं ते सांगितलं, कोणाकडून ते तेवढं नाही. ड्रम, पंप, साडेसात, शंभर. माणिकबाईंनी शांतपणे ऐकलं आणि वर त्यांनाच धीर दिला. "जाऊ द्या भाऊ. तुमचं काय त्यात? प्रेसवाल्यानं गडबड केली असन."

बस्स! वाक्य त्यांनीच हातात आणून दिलं होतं. नुसती मान हलवायची होती. साहेबांनी त्या आठ ओळींकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि मान काही हलली नाही.

"नाई माणिकबाई. प्रेसनं काई नाई केलं. लेखकानंही नाई. त्यानं बरोबर लिहिलं होतं, ते म्या खोडलं. माझ्या हातानं."

माणिकबाई उठून उभ्या राहिल्या. मग त्यांचा आवाज चढला.

"मंग म्या भांडली कोनासाठी? आं? तो मनोज दुकानवाला मले सांगून राहिला होता, काकू, हे लय होते, झाडं जळतीन. चार माणसाइच्या समोर म्या त्याले नाई नाई ते बोलली. म्हनलं, ज्या माणसानं तीस वर्षं पेपर काढला तो खोटा आन् तू शहाणा? तुले तुझा दुसरा माल खपवाचा म्हनून बोलून राहिला का? तोंड पाडून बाटल्या देल्या बिचाऱ्यानं!"

माणिकबाईंनी चारही बाटल्या पिशवीत टाकल्या, वर अंक टाकला, आणि पायात चप्पल सरकवली.

"चला माझ्यासंगं. जे मले सांगितलं ते तठी सांगा."

दुकान काही लांब नव्हतं, पण साहेबांना ती वाट अकोल्याहून लांब वाटली. दुकानात तीच चार माणसं बाकावर बसलेली, चहा चाललेला. मनोजनं माणिकबाईंना पाहून तोंड फिरवलं. त्यांनी बाटल्या काउंटरवर मांडल्या, अंक पान अकरावर उघडला आणि बाजूला झाल्या.

"हे संपादक. बोला जी."

बोलले साहेब. "मनोजभाऊ, तुमी बरोबर होते. चूक माझी आहे. छपाईची नाई, माझी." बाकावरचा एक जण चहाचा घोट तोंडात तसाच धरून राहिला. मनोजनं काउंटरवरची धूळ झटकली आणि तीन बाटल्या परत फळीवर ठेवल्या. चौथी तिथंच राहू दिली.

"उरलेल्या झेंडूवर तर माराच लागन," तो म्हणाला.

साहेबांनी खिशातून लाल पेन काढलं. अंकावरचा शंभरचा आकडा खोडला, समोर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "एका पंपाला साडेसात मिली."

माणिकबाईंनी अंकाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि मग त्या काउंटरकडे वळल्या.

"मनोज," त्यांनी विचारलं, "हे बरोबर सांगून राहिले का रे?"