आंबट गोळी

मित्रांनो, माझ्या झाकणावर रंगवलेलं जिनसेंग या औषधी वनस्पतीचं सोनेरी मूळ निम्मं खरवडून गेलंय, त्यावरून माझं वय ओळखा. मी पत्र्याचा डबा. चुसोकच्या सुगीच्या सणाला जिनसेंगच्या वड्या पोटात घेऊन देगू शहरातल्या या घरी आलो. वड्या बघता बघता फस्त झाल्या, पण मला कुणी टाकलं नाही. घरच्या मिसुकबाईंनी मला धुऊन-पुसून भाताच्या कुकरशेजारी बसवलं आणि माझ्यात औषधं ठेवली. त्या दिवसापासून मी स्वतःला या घरचा वैद्यच समजत आलो.

आमच्याकडे औषधवाला एका वेळच्या गोळ्या एका छोट्या पुडीत बंद करून देतो, वर आजाऱ्याचं नाव छापून. बरं वाटलं की उरलेल्या पुड्या माझ्याकडे येतात. मग कुणाला शिंका आल्या की बाई म्हणणार, "डब्यात बघ, बाबांच्या उरल्या असतील." नाव बाबांचं आणि सर्दी मावशीची! या इमारतीत घरोघरी हेच चालतं.

बाईंचा धाकटा जुनहा. त्याचं चित्त एका जागी ठरत नसे, म्हणून डॉक्टरांनी त्याला रोजची गोळी दिली. त्या गोळीनं पोर सावरलं. रोज सकाळी तो स्वतः माझं झाकण उघडायचा आणि म्हणायचा, "आण रे माझी पुडी." मित्रांनो, माझ्यावर एवढा विश्वास दुसऱ्या कुणी टाकला नाही.

थोरल्या सेरीनची विद्यापीठाची प्रवेश परीक्षा जवळ आली. बाई डोंगरावरच्या दगडी टोपीच्या बुद्धापुढे नमस्कार घालून घालून गुडघे सुजवून घेत होत्या. एकदा दोघी डोंगर उतरून आल्यावर त्यांची मैत्रीण आमच्याकडे नाशपाती सोलत बसली.

"अगं सेरीनच्या आई," ती म्हणाली, "जुनहाची ती गोळी घेऊन पोरं रात्र रात्र अभ्यासाला खिळून बसतात. काखेत कळसा नि गावाला वळसा झाला की तुझा."

"पण ती आजाऱ्याची ना?"

"औषधच आहे, विष नव्हे."

तिथंच माझा घात झाला. बाईंनी जुनहाच्या पुड्या उघडल्या. आतली गोळी सेरीनला, "शक्तीची आहे" म्हणून. त्या गोळीच्या जागी जीवनसत्त्वाची पांढरी गोळी घातली आणि केस सरळ करायच्या इस्त्रीनं पुडी पुन्हा चिकटवली. नाव तेच, आत भलतंच, आणि हे सगळं माझ्याच झाकणाआड. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

"आई, हल्ली गोळी आंबट का लागते?" जुनहानं विचारलं.

"कारखाना बदललाय. गीळ मुकाट्यानं."

पोर पुन्हा वर्गात उठबस करू लागलं. शाळेतून फोन आला. "औषध घेऊनही हे असले धंदे? काय करू तुझं?" बाई त्याच्यावरच उखडल्या. जुनहा माझ्यासमोर उभा राहून पुटपुटला, "म्हणजे मीच वाईट आहे." त्या वेळी मला बाईंचा जेवढा राग आला, तेवढा उभ्या आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

इकडे सेरीनचं जेवण तुटलं, झोप उडाली, हात थरथरू लागले. गुण वाढल्यावर तिनं आणखी मागितल्या आणि बाईंनी जुनहाच्या पुढच्या महिन्याच्या पुड्या न उघडता तशाच तिला दिल्या. परीक्षेच्या तोंडावर एका सकाळी छाती धरून ती स्वयंपाकघरातच कोसळली.

रुग्णवाहिकेतल्या माणसानं विचारलं, "ही कसली औषधं घेते?"

"कसलीच नाही. अगदी निरोगी पोर आहे," बाई म्हणाल्या.

जुनहा ताईच्या दप्तरात तिचं ओळखपत्र शोधत होता. हाती आल्या रिकाम्या पुड्या. त्यानं वरचं नाव वाचलं.

"यावर माझं नाव आहे," तो म्हणाला. "आई, मग मी काय खात होतो?"

तेव्हा बाईंनी रुग्णवाहिकेतल्या माणसाला सगळं खरं सांगितलं.

सेरीन वाचली. परीक्षा हुकली, आणि तिचं काळीज अजून मधूनच धडधडतं. माझ्यात आता फक्त सुया-दोरे असतात. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे, ज्याचं नाव त्याचंच औषध असू द्या. दुसऱ्याची पुडी मायेनंसुद्धा कुणाला देऊ नका.

जुनहा आजही रोज गोळी घेतो. बाई आता त्याला खरीच देतात. तरी तो आधी तिला जिभेचं टोक लावतो, आंबट नाही ना याची खात्री करतो, मगच गिळतो. तेवढा वेळ बाई भिंतीकडे बघत उभ्या असतात.