एक दाणा कमी

वर्गात सगळे तिला वहिनी म्हणत. मेडिकल फिजिक्सच्या त्या बॅचमध्ये लग्न झालेली ती एकटीच. काही वर्षं शाळेत शिकवून ती पुन्हा बाकावर येऊन बसली होती, तीही सासूने पाठीशी उभं राहायचं कबूल केल्यावर. आता तिला तिसरा महिना लागला होता, आणि नवऱ्याखेरीज कुणालाच ते ठाऊक नव्हतं. सांगितलं तर हॉस्पिटलमधलं मशीनवरचं काम बंद होईल, वर्ष जाईल, या धास्तीने तिने तोंडाला कुलूप घातलं होतं.

त्या दिवशी प्रॅक्टिकलला किरणोत्सर्गी बिया होत्या. कॅन्सरच्या गाठीत रुतवतात त्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. या जुन्या, बऱ्याचशा निवलेल्या, शिकण्यापुरत्या. चिमट्याने उचलून प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसवायच्या, मोजमाप घ्यायचं आणि परत शिशाच्या डबीत ठेवायच्या. तिचा जोडीदार पोपट डबी भरत होता. सूत्रं घडाघडा म्हणायचा म्हणून त्याला हे नाव पडलेलं. त्याने बिया मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“मॅडम, एक कमी आहे.”

मॅडमनी आधी दाराला कडी घातली. “आहात तिथेच उभे राहा. कुणी पाय हलवायचा नाही.”

किरणोत्सर्ग मोजायचं मीटर घेऊन त्या टेबलापासून सुरू झाल्या. टेबल, फरशी, कचऱ्याचा डबा. मीटर आपलं संथपणे टिकटिकत होतं. वहिनी पेचात पडली. बोलावं तर सगळ्यांसमोर बिंग फुटणार, न बोलावं तर जिवाला घोर. सवयीने तिचा हात पोटावर गेला तो तिथेच राहिला. मॅडम आता एकेकाचे बूट आणि खिसे तपासू लागल्या होत्या.

“मॅडम,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “मला बाहेर जाऊ द्या. मला दिवस गेलेत.”

मॅडम मीटर घेऊन तिच्याकडे वळल्या. “आधी तुला तपासते, मग जा.”

मीटर तिच्या पायांपासून वर सरकत आलं. कोटाच्या उजव्या बाहीपाशी येताच त्याचा तडतडाट सुरू झाला. पोटावर टेकलेली तीच बाही.

“हात लांब धर. हलू नकोस.” मॅडमनी बाहीची दुमड उलगडली, दाणा चिमट्यात धरला, डबीत टाकला आणि झाकण लावलं.

“अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच,” पोपट पुटपुटला. कुणी हसलं नाही तशी त्यानेच मान खाली घातली.

वहिनीने डबीकडे पाहिलं. “मॅडम, बाळाला...”

“मी सांगून तुझं समाधान होणार नाही. गणित तूच कर.” मॅडमनी खडू तिच्या हातात दिला.

तिने फळ्यावर बीची आजची ताकद मांडली, वेळ मांडला, अंतर मांडलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं.

“वर्ग, वहिनी,” पोपट हळूच म्हणाला. “अंतराचा वर्ग राहिला.”

तिने पुसून पुन्हा मांडलं. प्रत्येक ठिकाणी वाईटात वाईट तेच धरलं, बी पहिल्यापासून पोटालाच टेकली होती असं. हे किरण दुबळे, बोटभर मांसातच निम्मे जिरणारे. उत्तर आलं ते गरोदरपणातल्या मर्यादेच्या कितीतरी खाली. दुसऱ्या रीतीने करून पाहिलं तरी तेच. मग मात्र ती बाकावर बसली आणि तिला रडू फुटलं.

“बाह्या दुमडू नका असं मी म्हणाले, पण नीट बघितलं नाही. ती चूक माझी, आणि मी ती वर कळवणार आहे,” मॅडम म्हणाल्या. “लपवलंस ही तुझी. सांगितलं असतंस तर तुला या टेबलाकडे फिरकू दिलं नसतं.”

“वर्ष जाईल वाटलं.”

“सहा महिने जातील. तोवर कॉम्प्युटरवर उपचारांचं प्लॅनिंग शिक.”

बाहेर येऊन तिने सासूला फोन लावला. “आई, एक सांगायचं होतं...”

“अगं, नळ सोडून उलट्या करतेस, मी काय बहिरी आहे? कधी सांगतेस याचीच वाट बघत होते.”

मग तिने बीचंही सांगितलं.

“गणित बरोबर आहे ना नक्की?”

“दोनदा केलंय.”

“घरी ये. माझ्यासमोर बसून तिसऱ्यांदा कर.”

संध्याकाळी तिने ते केलं. सासूला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तरी ती शेवटच्या ओळीपर्यंत हलली नाही. पुढे मुलगी झाली, ठणठणीत. पदवी मात्र बाकीच्यांच्या मागून आली.