तीनवर की तीननंतर

आमच्या कारखान्यात दोन प्रकारची माणसं आहेत. 'एक, दोन, तीन' म्हटल्यावर तीनलाच उचलणारी, आणि तीन होऊ देऊन मग उचलणारी. बाहेरच्याला यात हसू येईल. येऊ दे. सत्तर किलोच्या डायच्या एका टोकाला तुम्ही असता आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या प्रकारचा माणूस असतो, तेव्हा हसू येत नाही.

डाय म्हणजे प्रेसमध्ये पत्रा कापायचा पोलादी साचा. दिवसातून चार-पाचदा ती मांडणीच्या खालच्या कप्प्यातून काढून प्रेसवर चढवावी लागते. कप्प्याला खाचा आहेत, डाय त्यांत घट्ट बसलेली असते. दोघांनी एकदम, सरळ उचलली तर मुकाट्याने वर येते. एकाने आधी उचलली की दुसरं टोक खाचेत अडकतं आणि आधी उचलणाऱ्याच्या कमरेत असा झटका बसतो की सात पिढ्या आठवतात. गेले पाच महिने हा झटका मला बसत होता, कारण मी तीनवाला आणि माझा जोडीदार तीननंतरवाला.

खरं तर डाय हाताने उचलायचीच नाही. त्यासाठी साखळीने वजन उचलणारी चेन पुली आहे. म्हणजे होती. तिच्या हुकाची पट्टी तुटली, म्हणून तिला 'वापरू नये' अशी लाल चिठ्ठी लावून तपासणीला पाठवली. ट्रॉली आहे, तिचं एक चाक जाम आहे. मी आठ अर्ज दिले. आठव्या अर्जानंतर सुपरवायझर साहेबांनी भिंतीवर एक चित्र लावलं. चित्रातला माणूस गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून, हसत हसत एक खोका उचलतोय. आमच्याकडे खोका नाही, डाय आहे. ती धरताना कोण हसतं ते मला एकदा बघायचंय.

हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या मणक्याचा फोटो दिव्यावर धरून स्पष्ट सांगितलं होतं, "आणखी एक मोठा झटका, की ऑपरेशन. त्यानंतर उभ्याचं काम विसरायचं." उभ्याचं काम विसरलेली माणसं आमच्याकडे गेटवरच्या खुर्चीत बसतात आणि येणाऱ्या ट्रकचे नंबर लिहितात. मी एकतीस वर्षं प्रेसवर आहे. कापलेल्या पत्र्याची कड नुसती बोटाने चाचपून डाय कुठे बोथट झालीय ते सांगतो. मला त्या खुर्चीत बसायचं नव्हतं. पण सकाळी मोजे चढवायला मला बायको लागत होती, आणि ती मोजे चढवताना एक शब्दही बोलत नव्हती, यावरून काय ते समजा.

आता जोडीदाराबद्दल. तो माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बावीस वर्षं आमच्याच मालकांच्या ओतकामाच्या भट्टीवर होता. भट्टी बंद झाली आणि तिथली चौदा माणसं आमच्या शेडमध्ये आली. सुपरवायझर साहेबांनी विचार केला, साडू-साडू आहेत, जमेल यांचं. साहेबांना बहुतेक साडू नसावा.

तो इकडे यायच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंकडे सगळे जेवायला जमलो होतो. मी सहज बोलून गेलो, "भट्टीवाल्यांना आमच्याकडे सगळं अ-आ-ईपासून शिकावं लागणार." सगळे हसले. साडूने ताटावरून वर बघितलं नाही. तोवर आम्ही अरे-तुरे करत होतो. दुसऱ्या दिवसापासून मी 'साडूभाऊ, तुम्ही' झालो. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नाही, आणि इतका टोचलाही नाही.

पहिल्याच दिवशी मी आकडे म्हटले आणि तीनला उचललं. हा ढिम्म. मग पाव सेकंदाने त्याने उचललं. तोवर माझ्या कमरेत कळ गेली होती.

"तीनला उचलायचं असतं," मी म्हटलं.

"आमच्याकडे तीन झाल्यावर उचलतात, साडूभाऊ."

"आता तू आमच्याकडे आहेस."

"हो का? मला वाटलं कारखाना मालकांचा आहे."

झालं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि हा तर भट्टीतून निघालेला पीळ. मीही काही कमी नव्हतो. तो तीननंतर उचलत राहिला, मी तीनला उचलत राहिलो. म्हातारपणाकडे झुकलेली दोन माणसं रोज चार-पाचदा एकमेकांशी हे करत होती, आणि मध्ये सत्तर किलो पोलाद होतं.

शेवटी मी हा विषय महिन्याच्या बैठकीत काढला. म्हटलं, साहेब, चेन पुली येईपर्यंत निदान कधी उचलायचं ते एक ठरवून द्या. प्रेसवाले म्हणाले, तीनला. भट्टीवाले म्हणाले, तीननंतर. कुणी म्हणालं, चारपर्यंत मोजू. त्यावर भट्टीवाल्यांनी विचारलं, चारला की चारनंतर? कुणी म्हणालं, शिट्टी वाजवू. पण दोन्ही हातांत डाय धरल्यावर शिट्टी कोण वाजवणार? अर्धा तास हे चाललं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "हे आपसांत ठरवा. फक्त काम थांबता कामा नये." बैठकीच्या वहीत लिहिलं गेलं : विषयावर सविस्तर चर्चा झाली. मला ती वही उचलून प्रेसखाली घालावीशी वाटली.

त्या संध्याकाळी बायकोने तोंड उघडलं. "अहो, तुम्ही त्यांच्याशी सरळ बोलत का नाही? माझी कंबर गेलीय, माझ्याबरोबर उचल. एवढंच तर सांगायचंय."

"मी का सांगू? मी थोरला आहे. त्याला दिसत नाही?"

"तुम्ही दाखवता का? तिथे ताठ चालता आणि घरी येऊन विव्हळता."

"त्याने विचारावं."

"त्यांनी विचारावं, तुम्ही सांगावं. आणि मी जन्मभर मोजे चढवावे," असं म्हणून ती आत गेली आणि बहिणीला फोन लावून बसली. दाराआडून फार ऐकू आलं नाही. पण डॉक्टर, ऑपरेशन, गेट एवढं आलं.

मी जेवताना विचार केला. बोलायचं तर नाहीच. पण उचलताना तीन झाल्यावर पाव सेकंद थांबलो तर माझं काय जाणार होतं? त्याच्यासारखं उचललं की दोघांचं एकदम होईल, झटका बसणार नाही, आणि मला तोंडाने एक अक्षरही काढावं लागणार नाही. हे सुचल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. थोरल्याने मन मोठं करायचं असतं, असंही मी मनाशी म्हटलं. बायकोला सांगितलं नाही, नाहीतर तिने वरात काढली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिलीच डाय, सगळ्यांत खालच्या कप्प्यातली. आम्ही समोरासमोर वाकलो. हातमोज्यातून लोखंडाचा गारवा लागत होता. थोरला म्हणून आकडे नेहमी मीच म्हणायचो.

"एक. दोन. तीन."

मी थांबलो. आणि साडूने उचललं.

त्याने तीनला, बरोब्बर तीनला, सगळ्या ताकदीनिशी उचललं. माझं टोक खाचेत अडकलेलं होतं. त्याच्या तोंडून एक आवाज आला, पोतं जमिनीवर टाकल्यावर येतो तसा. मी घाबरून माझं टोक ओढलं, तशी डाय खाचेतून सुटून माझ्या पायांवर तिरकी आली. अशा वेळी हात सोडायचे आणि मागे सरायचं, हे तर त्या हसऱ्या चित्रातही लिहिलंय. साडूने हात सोडले नाहीत. तशाच पिळलेल्या कमरेवर त्याने ती धरून ठेवली आणि मी पाय काढून घेतल्यावरच खाली सोडली. मग तोही हळूहळू खाली बसला आणि त्याला उठता येईना.

"तुम्ही उचललं का नाही?" तो म्हणाला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"तू आधी का उचललंस?"

"तुमची कंबर... घरी फोन आला होता. म्हटलं, आज तुमच्या तीनला उचलावं."

मी म्हणालो, "मी तुझ्यासाठी थांबलो होतो रे."

तो माझ्याकडे बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आजूबाजूला सगळे जमले होते आणि मी एकतीस वर्षांचा जुना कामगार, भर शेडमध्ये डोळे पुसत उभा होतो. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला, कुणाचा ते तेव्हा कळलं नाही.

साहेबांनी अपघाताचा अर्ज भरून घेतला. त्यात एक रकाना होता, 'चूक कोणाची'. प्रेसवाले म्हणाले, भट्टीवाल्याने घाई केली. भट्टीवाले म्हणाले, प्रेसवाल्याने उशीर केला. आजवर जी शिवी ते आम्हाला द्यायचे ती आम्ही त्यांना दिली, आणि आमची त्यांनी आम्हाला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी चेन पुली आली. बैल गेला आणि झोपा केला. आली म्हणजे कुठून लांबून नाही. तपासणी होऊन दोन महिने ती आमच्याच स्टोअरमध्ये पडून होती. तिची लाल चिठ्ठी कुणाच्या सहीने काढायची, हे ठरलेलं नव्हतं.

रविवारी आम्ही साडूकडे गेलो. बाहेरच्या खोलीत पलंग लावला होता. तीन आठवडे पडून राहायचं, मग पुढचं बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. गेटवरच्या खुर्चीबद्दल साहेबांनी आधीच विचारून ठेवलं होतं. तो उशीवरून घसरून खाली आला होता आणि स्वतःहून वर सरकणं त्याला जमत नव्हतं. मी पुढे झालो.

"तुम्ही व्हा बाजूला," बायको म्हणाली. "एकजण पडलाय तेवढा पुरे."

दोघी बहिणी पलंगाच्या दोन बाजूंना गेल्या. त्याच्या अंगाखालच्या चादरीच्या कडा गुंडाळून त्यांनी मुठीत घेतल्या.

"धरलंस?" बायकोने विचारलं.

"थांब गं. हं, धरलं."

"उचलू?"

"उचल."

साडू वर सरकला. कण्हलासुद्धा नाही. दोघी काहीतरी बोलत चहा टाकायला आत गेल्या. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो.

"भट्टीवर तुम्ही तीननंतर का उचलायचात?" मी विचारलं.

"आता विचारताय?"

"हो. आता विचारतोय."

तो छताकडे बघत होता. "वितळलेला धातू असायचा भांड्यात. दोघांनी धरायचं, तीन म्हणायचं, आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. तो तयार दिसला तर उचलायचं. नाही दिसला तर भांडं तसंच राहू द्यायचं. त्यासाठी थांबायचो आम्ही. तुम्हाला वाटलं, आम्ही मंद आहोत."

मी चादरीची सुटलेली कड गादीखाली खोचली.

"परवा तुम्ही थांबलात," तो म्हणाला, "तेव्हा बघितलं असतंत माझ्याकडे, तर कळलं असतं तुम्हाला, मी उचलतोय ते."

मी डायकडे बघत होतो. आकडे म्हणताना मी नेहमी डायकडेच बघायचो. पाच महिने तो माझ्यासमोर हातभर अंतरावर वाकत होता, आणि मी एकदाही मान वर केली नव्हती.