बोलका भोपळा

विळ्या-भोपळ्याचं सख्य लोकांनी फार तर स्वयंपाकघरात पाहिलेलं असतं. सासूबाईंच्या दुकानात ते दोन पायांवर चालत येई आणि दोन दारांनी निघून जाई. थोरले जावई वाद्यं घडवत. वाळलेला भोपळा कोरायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची, तारा चढवायच्या, असं त्यांचं काम. धाकटे जावई वायरमन. नात्याने दोघे साडू, पण सहा वर्षं एकमेकांशी शब्द नव्हता.

कारण अगदी साधं होतं. वायरमनने साडूंच्या तळघरातल्या कामाच्या जागी वायरिंग करून दिलं, आठव्या दिवशी ठिणगी पडली आणि एक तयार वाद्य जळून कोळसा झालं. वायरमनचं म्हणणं, भिंती घाम गाळतात त्याला मी काय करू. वाद्यवाल्यांचं म्हणणं, ओल मला दिसते, वायर त्याला दिसायला हवी होती. तेव्हापासून एकाच्या तोंडी दुसऱ्याचं नाव ‘ठिणगी’ आणि दुसऱ्याच्या तोंडी पहिल्याचं ‘भोपळे’. दोघांना एकत्र काम पडलंच, तर मध्ये निरोप्या म्हणून थोरली लेक. ती वाद्यवाल्यांची बायको. वयाच्या दहाव्या वर्षापासून आईच्या दुकानात उभी होती, आता बेचाळीस पूर्ण झाली होती.

दुकान खेळण्यांचं आणि सोंगांचं: मुखवटे, झगे, वाढदिवसाच्या टोप्या. हॅलोविन, तो भुताखेतांचा सण, तीन आठवड्यांवर आला होता आणि समोरच्या दुकानाने दर्शनी काचेत माणसाएवढा सापळा उभा केला होता, हाडं खुळखुळवणारा. सासूबाई त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त रस्त्याकडे पाठ करून बसायला लागल्या. चौथ्या दिवशी त्यांनी दोन्ही जावयांना बोलावून घेतलं. काचेत भोपळा हवा, बोलणारा. गल्ल्यावर बसून फोनला बोट लावलं की तिकडे तो बोलला पाहिजे, आणि मध्ये वायरचा केससुद्धा दिसता कामा नये.

“एकाने भोपळा करायचा, एकाने त्याला गळा द्यायचा,” त्या म्हणाल्या. “ज्याच्यामुळे तो नीट बोलेल, त्याला मागची खोली. माझा शब्द आहे.”

मागच्या खोलीचं नाव निघाल्यावर वाद्यवाल्यांनी कान टवकारले. खोली रिकाम्या खोक्यांनी छतापर्यंत भरलेली होती, पण ठणठणीत कोरडी, आणि उत्तरेला हातभर रुंद खिडकी. इकडे तळघरात यंदा पाच भोपळे आतून काळे पडले होते. दोन वाद्यांचे सांधे सुटून ती परत आली होती, तीही अशा माणसांकडून जी देवाच्या गोष्टी गाऊन सांगतात आणि कधी तक्रार करत नाहीत. आणखी एक पावसाळा तळघरात काढला, तर पुढच्या वर्षी फर्निचरच्या कारखान्यात खिळे ठोकायला जावं लागणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. वायरमनला खोली हवी होती ती शिड्या आणि वायरची भेंडोळी टाकायला. वाद्यवाल्यांच्या मते मुख्यतः त्यांना मिळू नये म्हणून.

त्यांनी घरात उरलेला सगळ्यात चांगला भोपळा काढला. चार वर्षं वाळलेला, पोटाला गोल, हाताला हलका. टिचकी मारली तर आतून कुणी ‘ओ’ द्यावी तसा वाजे. कोरताना त्यांच्या मनात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं वाक्य घोळत होतं. गाता गाता थांबून लोकांना उपदेश करणारा तो माणूस म्हणायचा, पोकळी नसेल तर देव राहील कुठे. देवाने ठेवलेली पोकळी आपण भुताला भाड्याने देतोय, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. पण खोली कोरडी होती. त्यांनी तिरके डोळे कापले, दातांच्या फटी तासल्या, वरून गेरूचा रंग दिला, आणि वळून पाहिलं तर स्वतःच दचकले.

वायरमनने आपलं काम दुकानातल्या मधल्या टेबलावर मांडलं. तळहाताएवढा स्पीकर, ब्लूटूथची चिप, बॅटरी. स्पीकर जबड्यामागे बसवताना त्याने थोरलीला सांगितलं, की भाऊजींना विचार, ही भोकं उंदराने पाडली की त्यांनी. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने उत्तर दिलं, की त्याला सांग, उंदीर निदान वायर नीट कुरतडतो. तिने दोन्ही निरोप पोचवले, काही न गाळता, कारण गाळलं की दोघे तिच्यावरच उखडत.

पहिल्या दिवशी भोपळ्यातून चेटकिणीचं हसू सोडलं आणि सगळं मुसळ केरात गेलं. हसू कुठलं, नुसती घूं घूं. एका ठरावीक सुराला भोपळा स्वतःच गायला लागे आणि बाकीचे शब्द त्याखाली चेंगरून मरत. लांडगा लावून पाहिला, तो म्हशीसारखा वाटला. करकरणारं दार लावलं, तर पोटात कळ आलेलं कुणीतरी वाटलं. दुकानात आलेल्या दोन पोरी तोंडावर हात दाबून बाहेर पळाल्या, घाबरून नव्हे.

वायरमनचा चेहरा उजळला. त्याने निरोप्याची वाट न बघता सासूबाईंनाच समजावलं. स्पीकरची पेटी मुकी लागते, ठोकळ्यासारखी. तिने स्वतः तोंड उघडायचं नसतं. या भोपळ्याला आतून डांबराचा हात द्यायचा आणि पोटात कापूस ठासायचा, की झालं. कापसाचं पोतं त्याने येतानाच आणलं होतं. म्हणजे हे होणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं, आणि भोपळा कोरून होईपर्यंत तो गप्प बसला होता.

वाद्यवाल्यांनी दोन्ही हात भोपळ्यावर ठेवले. आयुष्यभर त्यांनी भोपळा वाजावा म्हणून जीव टाकला होता, आणि इथे वाजणं हाच त्याचा गुन्हा ठरला होता. चूक त्यांचीच होती, हे त्यांना कळत होतं. मान्य करायला जीभ वळत नव्हती. डांबर लावून मुका केलेला भोपळा पाणी भरायलाही चालत नाही, एवढंच ते म्हणाले. आवाज बदला, भोपळा बदलणार नाही.

“मग खोली विसरा,” वायरमन म्हणाला. सहा वर्षांनंतरचा हा पहिला थेट शब्द.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत सासूबाईंनी दिली. दुपार झाली. भोपळा टेबलावर दात विचकून बसला होता, कापसाचं पोतं त्याच्या शेजारी, आणि दोन साडू पोत्याच्या दोन बाजूंना. थोरली मांडणीपाशी मुखवटे लावत होती. दुकानात चार-सहा गिऱ्हाइकं होती, आणि त्यांच्यादेखत सासूबाईंचा पट्टा सुटला. त्या कधी ओरडत नसत. त्यांचा आवाज एकाच पट्टीत चाले, वर नाही, खाली नाही, करवतीसारखा सरळ. उभे काय राहिलात खांबासारखे. हात चालवा. कुणाच्या भरवशावर बसलात. एक काम धड होत नाही, तोंडं मात्र दोन-दोन हात लांब. खोलीचा शब्द मी दिलाय तो काम करणाऱ्याला, तोंड पाडणाऱ्याला नाही.

वाद्यवाल्यांचे हात अजून भोपळ्यावर होते. बोलण्याच्या ओघात त्यांच्या तळव्यांना मुंग्या आल्या. त्यांनी हात उचलला, पुन्हा ठेवला. स्पीकरमधून काही वाजत नव्हतं, आणि भोपळा सासूबाईंबरोबर गुणगुणत होता. त्या थांबल्या की थांबे, त्या बोलू लागल्या की लागे. त्यांनी कान जवळ नेला. पट्टी तीच, तिळाएवढाही फरक नाही. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि हे आता कुणाला सांगावं म्हणून त्यांनी मान वर केली.

तेवढ्यात वायरमन फोन घेऊन कोपऱ्यात सरकला. सासूबाईंनी पुढे शब्द फिरवला तर पुरावा असावा म्हणून त्याने ते सगळं बोलणं गुपचूप फोनवर टिपून घेतलं होतं. खोलीचा शब्द नीट आलाय ना, एवढं त्याला कानाला लावून ऐकायचं होतं. फोन सकाळपासून भोपळ्याला जोडलेला आहे, ते तो विसरला. दिवसभर दुसऱ्यांच्या वायरी शोधणाऱ्याला बिनवायरीचं लक्षात राहिलं नाही.

भोपळा बोलला. स्वच्छ, ठणठणीत, एकेक अक्षर सुटं. “उभे काय राहिलात खांबासारखे. हात चालवा.”

दुकानातला माणूस न् माणूस आहे तिथे थिजला. मांडणीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या थोरलीचे खांदे एकदम वर आले. तिने हातातला मुखवटा घाईघाईने सरळ केला, शेजारचे दोन सरळ केले, आणि वळूनही न बघता म्हणाली, “हो आई, करते.”

आणि तिची आई गल्ल्यावर बसली होती, तोंड मिटून.

थोरलीला काय झालं ते कळायला एक क्षण लागला. तिने भोपळ्याकडे पाहिलं, मग आईकडे. कान तापून लाल झाले. भोपळा चालूच होता: कुणाच्या भरवशावर बसलात, एक काम धड होत नाही. वायरमन फोनवर बोटं आपटत होता आणि घाबरलेल्या बोटांनी आवाज उलट वाढत होता. काचेबाहेर लोक थांबले होते. एक लहान मूल आईच्या झग्यामागे लपलं होतं, तिथून डोकावत होतं आणि पुन्हा लपत होतं. समोरच्या सापळ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

सासूबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. “बंद करा ते.”

वाद्यवाल्यांनी पहिल्यांदा साडूकडे थेट पाहिलं. “बंद नका करू,” ते म्हणाले. “आता तो नीट बोलतोय.” मग सासूबाईंकडे वळून त्यांनी हात जोडले, पण शब्द मागे घेतला नाही. भोपळ्याला डांबरही नको, कापूसही नको. याची आणि तुमची पट्टी एकच, म्हणून शब्द चेंगरत नाहीत; याला तुमचाच आवाज हवा, आई.

सासूबाई म्हणाल्या, माझ्या दुकानात मलाच भूत करता. मुखवट्यांच्या ढिगाऱ्यावरून त्यांनी पोत्याकडे बोट केलं, आणि वायरमन लगेच कापूस उपसायला वाकला.

“राहू दे, आई,” थोरली म्हणाली.

ती आईला असं काही म्हणाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. तरी तिने वाक्य पुरं केलं. “आम्ही बत्तीस वर्षं ऐकलं. गिऱ्हाईक तीन आठवडे ऐकेल.”

भोपळा बोलतच होता. सासूबाई त्याचं ऐकत होत्या. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी, ‘तोंड पाडणाऱ्याला नाही’ इथवर. मग त्यांनी काचेबाहेरची गर्दी पाहिली, आणि हाडाची दुकानदार बाई ती, गर्दी काय असते हे त्यांना शिकवायला नको होतं. ड्रॉवर ओढून त्यांनी किल्ली काढली आणि टेबलावर सरकवली. ती भोपळ्याला आपटून थांबली.

वायरमन सरसावला. आवाज टिपला कुणी, तर त्याने. सासूबाईंनी त्याच्याकडे मान वळवली नाही. चोरून ऐकणाऱ्याने आपली शिडी उचलावी आणि पुढच्या दारानेही येऊ नये, असं त्या भिंतीला म्हणाल्या. मग थोरल्या जावयांना म्हणाल्या, “तुम्ही मागच्या दाराने यायचं-जायचं. दुकानातून नाही. माझ्या नजरेला पडायचं नाही.”

वाद्यवाले किल्ली घेऊन वळसा घालून मागच्या गल्लीत गेले. कुलूप उघडलं, पण दाराला आतून खोकी टेकलेली होती. खांदा लावून, दम खात, त्यांनी अंगापुरती फट केली आणि आत शिरले. उत्तरेच्या खिडकीतून पांढरा, थंड उजेड येत होता. त्यांनी भिंतीला तळवा लावला. कोरडी. दुसऱ्या भिंतीला लावला. तीही कोरडी. देवाचे आभार मानावेत म्हणून त्यांनी डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे मुखवटे सरळ करणारे बायकोचे हात आले, म्हणून पुन्हा उघडले.

दार सरकलं. थोरली होती. दुकानातला निळा कोट घडी करून काखेत धरला होता, दुसऱ्या हातात तिची पिशवी आणि पाण्याची बाटली.

“मलाही मागूनच यायला सांगितलंय,” ती म्हणाली. “आणि दुकानात अजिबात नाही. उद्यापासून धाकटी बसेल.”

ते म्हणाले, मी जाऊन माफी मागतो. ती नको म्हणाली. ते म्हणाले, निदान बस थोडी. बसायला जागा नव्हती. पलीकडून भिंतीतून सासूबाईंचा आवाज येत होता, त्यांचा की भोपळ्याचा ते इथून सांगता येत नव्हतं.

“टेबल कुठे मांडणार?” तिने विचारलं.

खिडकीखाली, ते म्हणाले.

तिने कोट आणि पिशवी खुंटीला अडकवली, सगळ्यात वरचं खोकं ओढून खाली पाडलं, आणि दोन्ही हातांनी उचलून गल्लीत भिरकावलं.