कैदी घेतले नाहीत

माझ्या भावाचं पान मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, कारण ते सगळ्यात सोपं होतं. आमच्या लुंडबी गावाचं पुस्तक निघायचं होतं. त्या वर्षांत कॅनडातल्या सस्कॅचेवनच्या या माळावर जे ते गाव आपलं जाडजूड पुस्तक काढत सुटलं होतं, मग आम्ही काय म्हणून मागे राहायचं? नियम एकच. प्रत्येक घराने आपलं पान आपण लिहायचं, खाली आपलं नाव घालायचं, आणि समितीने त्यात काना-मात्रासुद्धा बदलायचा नाही. हा नियम मीच भांडून करून घेतला होता, कारण समितीतल्या एडना क्विग्लीला दुसऱ्यांच्या पानांत नाक खुपसायची भारी हौस. टायपिंग माझ्या गळ्यात. सहा महिने मी एकशे चाळीस घरांची लग्नं, गारपिटी आणि मेलेले घोडे बडवत बसले होते.

ऑर्व्हिलचं पान मला पाठ होतं. मलाच काय, गावाला पाठ होतं. पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये तो हॉलंडात लढत होता आणि तिथून त्याचं आईला पत्र आलं. आई नॉर्वेहून आलेली. इंग्रजी शिकली ती चर्चमध्ये आणि दुकानाच्या कॅटलॉगमधून. पत्रात लिहिलं होतं, ‘काल एका गोठ्यापाशी तीन जर्मन सापडले. आम्ही कैदी घेतले नाहीत.’ आईने ते रविवारी भर चर्चमध्ये उभं राहून वाचलं आणि वर अर्थही सांगितला. “माझ्या लेकाने त्यांना धरलं नाही हो! त्यांच्या आयांकडे परत पाठवून दिलं!” बायकांनी डोळे पुसले. पाळकांनी त्यावर प्रवचन केलं. पुढच्या जानेवारीत ऑर्व्हिल गाडीतून उतरला तेव्हा सगळं गाव फलाटावर लोटलं होतं. तेव्हापासून दर अकरा नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, कोटावर लाल पॉपीचं फूल टोचून आम्ही स्मारकापाशी कुडकुडत उभे राहतो आणि पाळक ऑर्व्हिलच्या दयेची गोष्ट सांगतात. तीन पाळक बदलले, गोष्ट तीच. ऑर्व्हिल आपला बुटांकडे बघत उभा. विनयशील आहे हो, असं आम्ही म्हणायचो.

आणि माणूस होताच तसा! लग्न केलं नाही, पण गावातल्या एकूण एक विधवेच्या दारातलं बर्फ हाच ओढणार. नांगरताना पाखराचं घरटं दिसलं की ट्रॅक्टर वळवून घेणार, मग तेवढा पट्टा राहिला तरी चालेल. मी चिडवायचे, “संत ऑर्व्हिल, पुतळा कधी उभारायचा?” तो हसायचा नाही. मला वाटायचं, विनोद म्हणून काही कळतच नाही या ठोंब्याला.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मी त्याच्या वतीने लिहिलेलं पान घेऊन त्याच्याकडे गेले. तो ओट्याशी लेफ्से लाटत होता. लेफ्से म्हणजे आमच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, आणि तो त्या माझ्यापेक्षा चांगल्या लाटतो, हे मी कुठेही कबूल करणार नाही.

“सही कर आणि मोकळा हो,” मी म्हटलं.

त्याने हात पुसले, चष्मा लावला, उभ्याउभ्या पान वाचलं. मग परत वाचलं.

“वर्ना, हे ‘घरी पाठवलं’ काढ.”

“झालं सुरू! अरे, चौसष्टाव्या वर्षी कसला लाजतोस? नव्या नवरीसारखा!”

“लाजत नाही. ते खोटं आहे.”

“आईच्या पत्राला खोटं म्हणतोस?”

“पत्र खरं आहे. मीच लिहिलंय.” त्याने खुर्ची ओढली आणि बसला. “सैनिक म्हणतो ना, आम्ही कैदी घेतले नाहीत, तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, तुला खरंच माहीत नाही?”

मी तोंड उघडलं. आणि बाई गं, तेव्हा कळलं मला. चाळीस वर्षं ती ओळ माझ्या तोंडात होती, मीच परवा ती टाइप केली होती, आणि कळली त्या क्षणाला.

“हात वर करून उभे होते,” तो म्हणाला. “एक माझ्या वयाचा. दोघं म्हातारे. म्हणजे, आता माझं वय आहे तेवढे.”

“सार्जंटने हुकूम दिला असेल.”

“नाही. सार्जंट म्हणाला, यांचं काय ते बघ, आपल्याला पुढे जायचंय. आणि पाठ फिरवून निघाला. मी बघितलं.”

“तू? एकट्याने?”

“एकट्याने. सकाळी डेल गेला होता, माझा दोस्त. तेव्हा ते कारण वाटलं होतं. आता वाटत नाही.”

मी विचारलं, मग आईला तसं का लिहिलंस? तो म्हणाला, आईला सांगायचंच होतं, त्याहून सरळ लिहायला हात चालेना. ही ओळ कुणालाही कळेल असं त्याला वाटलं होतं. तिचं उलट पत्र आलं ते नुसतं कौतुकाने ओथंबलेलं. मग गाडीतून उतरला तर फलाटावर आम्ही सगळे, हातात केक.

“गावात कुणाला माहीत आहे?”

“लीजनच्या हॉलमध्ये माजी सैनिक बसतात त्यांना. जे लढून आलेत त्या सगळ्यांना. ऐकल्याबरोबर कळलं त्यांना.”

हे ऐकून मात्र माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं त्या मेल्यांना मी हॅमची सँडविचेस करून घालतेय, घागरभर कॉफी उकळतेय, आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही? म्हणजे दर नोव्हेंबरला आम्ही बायका डोळे पुसतोय आणि पुरुष बुटांकडे बघतायत! सगळ्यांना नावं घेऊन घेऊन शिव्या घातल्या मी. ऑर्व्हिलने ऐकून घेतल्या.

“मग आताच कशाला?” मी ओरडले. “आई गेली. ते तिघं गेले. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे? लोक तुझ्या तोंडावर दार लावतील, कळतंय का? एडना तर तुला दारातल्या बर्फालासुद्धा हात लावू देणार नाही!”

“वर्ना,” तो म्हणाला, “त्यांच्या घरी कुणीतरी वाट बघितली असेल ना? वर्षानुवर्षं? आणि इथे आपण दरवर्षी माइकवर सांगतो की मी त्यांना घरी पाठवलं.”

मी पान उचललं आणि तरातरा बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसले. किल्ली लावली, फिरवली नाही. मला त्याचा राग आला होता, आणि मनात भलतंसलतं येत होतं. ज्या हातांनी मला सायकल शिकवली तेच हात. माझा नवरा गेला तेव्हा आठ दिवस माझी भांडी घासली तेच हात. ते हात दुसरे आणि हे दुसरे, असं स्वतःला समजावून बघितलं, जमेना. एकाच माणसाचे होते, आणि तो माणूस आत एकटा बसला होता.

टायपिंगचं मशीन सीटवरच होतं. ते उचलून आत नेलं आणि त्याच्या पिठाच्या टेबलावर आदळलं.

“बोल,” मी म्हटलं. “आणि हळू बोल, माझी बोटं दुखतात.”

तो बोलला. फार नव्हतंच. ‘बातमी चुकीची कळली. मी त्यांना घरी पाठवलं नाही. ते शरण आले होते, त्यांचे हात वर होते, आणि मी तिघांना गोळ्या घातल्या. त्यांची नावं मला माहीत नाहीत.’ डेलचं घालू का, मी विचारलं. तो नको म्हणाला; लोक तेवढंच वाचतील आणि सुटकेचा श्वास टाकतील.

खाली त्याने स्वतः सही केली. मग म्हणाला, मोठ्याने वाचून दाखव. आईने वाचलं होतं तसं.

उभी राहून वाचायला लागले. ‘हात वर’पाशी माझा आवाज गेला. पुढचं त्यानेच पुरं केलं, न बघता.

 मग त्याने टेबलाकडे बघत विचारलं, “आईला कळलं असतं तर काय केलं असतं तिने?”

खोटं बोलता आलं असतं. गोड खोटं बोलायची आमच्या घराण्याला सवयच आहे. पण नुकतंच ते टाइप केलं होतं, त्याच्यासमोर कसं बोलणार?

“थोबाडीत मारली असती,” मी म्हटलं. “मग रडली असती. मग जेवायला वाढलं असतं.”

त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे तोंड वर केलं, लहान मुलासारखं. “आणि तू?”

मी हात उगारला. खरंच उगारला. तो हलला नाही, डोळेही मिटले नाहीत. माझा हात खाली आला तो त्याच्या गालावर तसाच टेकून राहिला, आणि मी म्हटलं, “ताटं कुठे ठेवलीस, गाढवा?”