खांबाभोवतीचा तक्ता

चमच्याच्या दांड्याने रंगाच्या डबीचं झाकण टक्कन उघडलं, आणि दुपारच्या निजलेल्या घरात माझा जन्म सुरू झाला. मी एक जुना कापडी तक्ता आहे, मित्रांनो. रागावलेला आहे, हे आधीच सांगतो. आपली कहाणी सांगणाऱ्याने गोड बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही.

मला रंगवलं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरने. मजकूर त्याच्या लेकीचा. ती शाळेत शिकवायची. जगातल्या धर्मांचा धडा आला की वर्गात 'आमचा थोर की तुमचा' अशी जुंपायची, म्हणून तिला तक्ता हवा होता. माझ्यावर सात रकाने आखले गेले: हिंदू, ज्यू, बौद्ध, जैन, ख्रिस्ती, इस्लाम, शीख. ओळी चार: कुठे सुरू झाला, कोणी सांगितला, काय मानतात, आणि शेजाऱ्याशी कसं वागावं.

पहिल्या तीन ओळींत किती तऱ्हा! एका रकान्यात संस्थापक म्हणून एकाच माणसाचं नावच लिहिता येईना. तीन रकाने अब्राहम या एकाच पूर्वजाचं नाव सांगत होते. एक म्हणत होता, दुःखाचं मूळ तृष्णेत आहे. एकाला जग घडवणारा देव मान्य नव्हता, तरी पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून तो जपून चालत होता. एक म्हणत होता, ईश्वर एकच. कष्ट करा आणि वाटून खा. चौथ्या ओळीत मात्र पेंटरने कुंचला थांबवला.

"पोरी, 'आपल्याला नको ते दुसऱ्याला करू नको' हे एकच वाक्य तू मला सात वेळा लिहायला लावतेयस."

"शब्द वेगळे आहेत, बाबा."

"असतील. हात तर तसाच वळतोय." मग तो म्हणाला, "पण डावीकडे पहिला कोण? पहिला तो थोरला आणि शेवटचा तो शेंडेफळ. भांडणाला तेवढं पुरतं."

लेक हसली. तिने वर्गाच्या मधोमध असलेल्या खांबाचं माप आधीच आणलं होतं. मला त्या खांबाभोवती गुंडाळून तिने माझी दोन्ही टोकं टाके घालून जोडली. आता मला ना आरंभ, ना शेवट. मुलं माझ्याभोवती फिरायची; जो जिथे उभा राहील तिथून वाचायला लागायचा. बारा वर्षं मी असा होतो. कोपरांनी रंग घासला गेला, खालची किनार काळी पडली. पाहुणे यायचे, खांबाला प्रदक्षिणा घालायचे आणि म्हणायचे, "बाई, डोकं लढवलंत हो."

मग नवे मोठे सर आले. त्यांनी मला एकदाही फिरून वाचलं नाही. ते बाईंना म्हणाले, "तक्ता काढा आणि सरळ भिंतीवर लावा. आणि सातवर अडून बसू नका. काही पालकांना एक रकाना खुपतोय. सहा पुरेत."

कोणता रकाना, ते मी सांगणार नाही. सांगितला, की तुमच्यातलाही कुणी मनात म्हणेल, हां, तो होय.

"सर, त्या रकान्यातल्या धर्माची तीन मुलं माझ्या वर्गात आहेत," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर हळूच करा. घरी न्या, धुवायला नेला म्हणा. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा."

घरी पेंटर वर्षभर अंथरुणाला खिळलेला. बाईंची धाकटी लेक पहिलीत. बाईंनी मला फरशीवर पसरलं. टाके उसवले, तोवर माझी तक्रार नव्हती. मग त्यांनी माझ्या अंगावर कात्री चालवली. सरळ रेघेत, अगदी सुबक. हात थरथरला असता तरी मला बरं वाटलं असतं.

मोठ्या सरांचा मला राग आहेच. पण त्यांना माझ्यातलं एक अक्षरही ठाऊक नव्हतं. हिने तर चौथी ओळ स्वतः लिहून दिली होती. जिला सगळं ठाऊक, तिनेच कापावं? म्हणे नाइलाज. नाइलाजाची कात्रीही तेवढीच कापते, मित्रांनो.

शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. धूळ झटका, गुंडाळून नीट ठेवा, असलं काही मला नको. एवढंच मागतो: तुमच्यासमोर कुणाला वगळलं जात असेल, तर कात्री धरायला हात पुढे करू नका. हळूच तर मुळीच नको.

धाकटी फरशीवर येऊन बसली. कापलेली पट्टी तिने मांडीवर घेतली आणि बोट ठेवत वाचू लागली. अर्ध्यावर थांबून म्हणाली, "ही माझ्या बाकावर बसते ना, तिची आहे."

"हो," आई म्हणाली. "ठेव ती खाली."

तिने पट्टी ठेवली नाही. आईकडे पाहत तिने विचारलं, "आई, ही पट्टी आपली असती, तर कापली असतीस?"

मी ऐकत राहिलो. अजून ऐकतोच आहे.